जुळला तो कुठला साचा?

मराठी विकिपीडियावरचा मुळशीविषयीचा लेख एक्सएमएल फाइल म्हणून उतरवून घेता येतो. ‘विशेष’ या विभागात त्यासाठी निर्यातीचे पान आहे. त्याला ना नोंदणी लागते ना परवानगी. या फाइलीतून लेखाचे शीर्षक आणि मजकूर तेवढा साध्या टेक्स्टमध्ये काढायचा, हे एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचे रूपांतर करणारी भाषा, नव्याने शिकणाऱ्याला हातचा मळ वाटावा असे काम. तो ‘पेज’ या एलिमेंटसाठी एक साचा लिहितो, त्यात ‘टायटल’ छापायला सांगतो, आउटपुटची पद्धत ‘टेक्स्ट’ ठेवतो आणि स्टाइलशीट चालवतो. पडद्यावर सर्वांत आधी येतो ‘विकिपीडिया’ हा शब्द. त्याखाली डेटाबेसचे नाव, मुखपृष्ठाचा पत्ता, मिडियाविकीची आवृत्ती. मग एकाखाली एक मिडिया, विशेष, चर्चा, सदस्य, सदस्य चर्चा अशी विभागांची नावे, आणि त्याच रांगेत थोडे खाली ‘साचा’ आणि ‘साचा चर्चा’. टेम्प्लेटला विकिपीडियाने दिलेले मराठी नाव नेमके अशा वेळी समोर यावे, हा योगायोग जरा बोचणाराच. त्यानंतर लेखाचा क्रमांक, आवृत्तीचा क्रमांक, तारीख-वेळ, शेवटचा बदल करणाऱ्या सदस्याचे नाव, चौकटी कंसांसकट सगळा विकिमजकूर आणि शेवटी अर्थ न लागणारी अक्षरांची एक लांबट माळ. शीर्षक आहे, मजकूर आहे, नको तेही सगळे आहे. आपण लिहिलेला साचा चालल्याची खूण तेवढी कुठे नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही नाही.

अशा वेळी माणूस आपल्याच साच्याकडे टक लावून बसतो. स्पेलिंग तपासतो, अवतरणचिन्हे मोजतो, साचा फाइलीत वर-खाली हलवून पाहतो. ‘माझा साचा जुळत नाही’ हे त्याचे निदान खोटे नसते, पण अर्धे असते, आणि त्या अर्धेपणातच त्याचा वेळ जातो. एक्सएसएलटीत एखादा नोड प्रक्रियेसाठी पुढे आला की त्याला कुठला ना कुठला साचा मिळतोच. बिनसाच्याचा नोड ही गोष्टच तिथे नाही. आपला जुळला नसेल तर दुसरा जुळला आहे, आणि समोर पडलेला मजकूर ही त्या दुसऱ्याची करणी आहे. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो या दुसऱ्याबद्दल: माझ्याऐवजी कोण चालले? या पुस्तिकेतल्या पुढच्या सगळ्या प्रकरणांचा आधार हा एवढाच प्रश्न आहे. आउटपुट साधा मजकूर असेल तेव्हा तो जास्त निकडीचा होतो, कारण एचटीएमएल किंवा एक्सएमएल बाहेर पडत असेल तर निदान टॅगांवरून माग काढता येतो. साध्या मजकुरात टॅग पुसले जातात आणि योग्य साच्यातून आलेला शब्द व भलत्या साच्यातून आलेला शब्द एकाच रंगाचे दिसतात.

हे दुसरे साचे कुणी लिहिले, तर कुणीच नाही. ते भाषेतच अंगभूत आहेत. एक्सएसएलटी १.० ही शिफारस डब्ल्यूथ्रीसीने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध केली, तिचे संपादक जेम्स क्लार्क, आणि त्या दस्तऐवजात हे नियम जेमतेम पानभर आहेत. मूळ नोड किंवा एलिमेंट आला तर त्याच्या पोटातल्या सगळ्यांना पुढे काढा. टेक्स्ट किंवा ॲट्रिब्यूट आला तर त्याची किंमत जशीच्या तशी छापा. टिपण किंवा प्रक्रियेची सूचना आली तर काही करू नका. आपण लिहिलेल्या कुठल्याही साच्यापुढे हे नियम नमते घेतात, पण आपला साचा नसेल तिथे अंमल त्यांचाच. मुळशीच्या पाण्यात हे सहज दिसते. मुळा नदीचा स्वतःचा उतार पूर्वेकडे, पुण्यात मुठेला मिळून पुढे भीमेकडे जाणारा. धरणाने, ज्याच्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला त्या टाटांच्या धरणाने, तेच पाणी अडवून पश्चिमेला सह्याद्रीखाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजघराकडे वळवले. साचा म्हणजे असे वळण. वळण बसले नाही म्हणून पाणी थांबत नाही, ते आपल्या जुन्या उताराने निघून जाते. विकिपीडियाच्या फाइलीतला मजकूर त्या जुन्या उताराने गेला: मुळापासून खाली, प्रत्येक एलिमेंटच्या पोटात, आणि वाटेत भेटलेले प्रत्येक अक्षर बाहेर.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे: ही रचनाच वाईट म्हणायची. न जुळलेल्या नोडवर प्रोसेसरने थांबून ओरडायला हवे होते. त्याचे उत्तर या भाषेच्या वंशावळीत सापडते. एक्सएसएलटीमागे डीएसएसएसएल ही १९९६ ची आयएसओ प्रमाण भाषा उभी आहे, आणि दोन्हींच्या डोळ्यांसमोर लेख, ग्रंथ, माहितीपुस्तिका होत्या. रकाने आणि नोंदी नंतर आल्या. परिच्छेदात मधेच तिरपा शब्द, त्यात एखादा दुवा, अशा मिश्र मजकुरात प्रत्येक बारीक टॅगसाठी साचा लिहायला लावले असते तर कुणी ही भाषा वापरली नसती. ज्याच्याबद्दल काही सांगितले नाही तो टॅग गळून पडावा, पण आतला शब्द हरवू नये, हा लेखनाच्या बाजूने घेतलेला निर्णय आहे. तो लेखांसाठी शहाणपणाचा आणि हिशेबी नोंदींसाठी धोक्याचा. खुद्द डब्ल्यूथ्रीसीच्या समितीलाही ते उमगले असावे, कारण जून २०१७ मध्ये आलेल्या, मायकल के यांनी संपादित केलेल्या ३.० या आवृत्तीत न जुळलेल्या नोडचे काय करायचे हे आपणच घोषित करता येते. तिथे ‘फेल’ असेही सांगता येते. मात्र मुळातले वागणे तिथेही जुनेच ठेवले आहे. अठरा वर्षांत जगभर लिहिलेल्या स्टाइलशीट एका रात्रीत मोडायला कोण तयार होणार?

आता आपला साचा का वगळला गेला ते पाहू. विकिपीडियाच्या फाइलीत सगळ्यांत बाहेरच्या एलिमेंटवर एक डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली असते. एका लांब पत्त्यासारखी, शेवटी ‘एक्सपोर्ट’ आणि आवृत्तीचा आकडा. (नेमस्पेसला मराठी विकिपीडिया ‘नामविश्व’ म्हणतो, पण तिथे त्याचा अर्थ लेखांचे विभाग असा असल्याने इथे तो शब्द टाळला आहे.) या एका ओळीमुळे आतल्या प्रत्येक एलिमेंटचे पूर्ण नाव बदलते. बावधन बुद्रुक आणि बावधन खुर्द यांतले नुसते ‘बावधन’ लिहून पत्र टाकले तर पोस्टमन अंदाजाने पोचवील. प्रोसेसर अंदाज करत नाही. साच्यात नुसते ‘पेज’ लिहिले की १.० च्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ होतो ‘कुठल्याही नेमस्पेसमध्ये नसलेले पेज’, आणि असे एकही पेज त्या फाइलीत नसते. इथे हटकून केला जाणारा उपाय म्हणजे तीच डीफॉल्ट नेमस्पेस स्टाइलशीटच्या माथ्यावरही लिहायची. दिसायला तो अगदी तर्कशुद्ध आहे आणि त्याने काहीही होत नाही, कारण एक्सपाथ या नोड शोधण्याच्या भाषेतल्या बिनउपसर्गाच्या नावांना ती लागूच होत नाही. तिचा परिणाम फक्त आपण आउटपुटमध्ये घातलेल्या एलिमेंटांवर होतो, आणि साध्या मजकुरात ते एलिमेंट पुसलेच जातात. म्हणजे उपाय भलतीकडे लागला हे कळायची वाटही बंद. खरा उपाय दोन ओळींचा: त्या पत्त्याला एक उपसर्ग बांधायचा आणि साच्यात उपसर्गासकट नाव लिहायचे. २००७ च्या २.० आवृत्तीपासून एक्सपाथसाठी वेगळी डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर करायची सोयही आहे, आणि ती असेल तिथे जरूर वापरावी.

पण पत्ता अक्षरशः तोच हवा. मिडियाविकीच्या निर्यातीचा आकडा ०.१० वरून ०.११ झाला आणि जुन्या पत्त्यावर बांधलेल्या स्टाइलशीटमधले सगळे साचे एका दमात निकामी झाले. त्यांच्यातली एकही ओळ कुणी बदलली नव्हती. वर्षभर चाललेले काम असे अचानक मोडते तेव्हा माणूस सर्व्हर, फॉन्ट, एन्कोडिंग सगळ्यांवर संशय घेतो. ‘माझ्याऐवजी कोण चालले?’ हा प्रश्न विचारला तर उत्तर पहिल्याच ओळीत मिळते: एरवी माझ्या साच्यांनी अडवलेला ‘विकिपीडिया’ हा साइटचा मथळा छापला गेला, म्हणजे अंगभूत नियम अगदी मुळापासून चालला, म्हणजे माझा एकही साचा लागला नाही, म्हणजे दोष एका नावात नसून सगळ्या नावांना सारखाच लागू असलेल्या कशात तरी आहे.

यावर अनुभवी मंडळींचा एक तोडगा असतो: नेमस्पेसची कटकटच नको, तारा (*) लिहून अट घालावी की एलिमेंटचे स्थानिक नाव ‘पेज’ असले म्हणजे झाले. एकदाच चालवून फेकून द्यायच्या स्टाइलशीटला माझी याला हरकत नाही. टिकाऊ कामात मात्र हा तोडगा व्याजाने पैसे आणल्यासारखा आहे. साच्यांचा अग्रक्रम प्रोसेसर त्यांच्या रूपावरून ठरवतो: नुसते नाव असेल तर ०, ‘या नेमस्पेसमधले काहीही’ असेल तर −०.२५, नुसती तारा असेल तर −०.५, आणि अट किंवा मार्ग जोडला की ०.५. तारेला अट लावून केलेला साचा अशा रीतीने ०.५ वर जाऊन बसतो आणि उद्या कुणी नियमाप्रमाणे उपसर्ग लावून साधा साचा लिहिला तर त्या ० ला दाबून टाकतो. काल नेमस्पेसमुळे साचा लागत नव्हता, आज अग्रक्रमामुळे लागत नाही. लक्षण तेच, कारण दुसरे. २.० मध्ये ‘कुठल्याही नेमस्पेसमधले पेज’ असे सरळ लिहिता येते आणि त्याला −०.२५ मिळतात, म्हणजे तो तोडगा निदान नीट लिहिलेल्या साच्याच्या वाटेत येत नाही.

दोष हाच, लक्षण मात्र उलटे, असेही घडते आणि ते ओळखणे जास्त अवघड. ओपनस्ट्रीटमॅपवरून पौड, पिरंगुट, ताम्हिणी असा मुळशीचा तुकडा एक्सएमएलमध्ये घेतला तर त्यात गावांची नावे एलिमेंटच्या पोटात नसतात. ‘टॅग’ नावाच्या रिकाम्या एलिमेंटवर दोन ॲट्रिब्यूट असतात, एकात किल्ली आणि एकात किंमत. मराठी नावाची किल्ली वेगळी, इंग्रजीची वेगळी. इथे आपला साचा चुकला तर पूर येत नाही. बाहेर पडतात फक्त कोऱ्या ओळी, शेकड्यांनी. अंगभूत नियम एलिमेंटच्या पोटातल्यांना पुढे काढतो आणि ॲट्रिब्यूट पोटातले धरले जात नाहीत. ॲट्रिब्यूट छापण्याचा नियम यादीत आहे, पण कुणी नाव घेऊन बोलावल्याशिवाय तो कधी चालत नाही. कोऱ्या ओळी आल्या त्या टॅगांमधल्या मोकळ्या जागेच्या. माणूस ‘फाइल वाचलीच गेली नाही’ असे धरून चालतो, प्रत्यक्षात ती शेवटपर्यंत वाचली गेलेली असते. पूर आणि दुष्काळ ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत, आणि कुठले दिसेल ते माहिती पोटात ठेवली आहे की अंगावर, यावर ठरते.

आणखी एक प्रकार थोडक्यात सांगून पुढे जातो. कधी साचा निर्दोष असतो, पण त्याच्या दारापर्यंत कुणी येतच नाही: वरच्या साच्याने पोटातल्यांना पुढे काढण्याऐवजी एकदम किंमत छापली, किंवा एका ‘मोड’मध्ये हाक मारली आणि साचा दुसऱ्या मोडमध्ये लिहिला. अंगभूत नियम प्रत्येक मोडमध्ये हजर असतात, तेव्हा तिथेही काही ना काही छापले जातेच.

खरी कसोटी लागते ती एकाच नोडवर दोन साचे हक्क सांगतात तेव्हा, आणि ती दाखवायला सातबारापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही. ज्या मुळशी तालुक्यात एका शतकात आधी धरणाने आणि मग हिंजवडी-माणच्या औद्योगिक क्षेत्राने जमिनीचे धनी बदलले, तिथे इतर अधिकारांच्या रकान्यातली एक ओळ किती महाग पडते हे सांगायला नको. समजा, उदाहरणापुरती एक एक्सएमएल फाइल बनवली (सरकारी फाइलींची रचना हीच असते असा दावा नाही). एक्सएमएलला टॅगांची नावे देवनागरीत चालतात, तेव्हा <गट> या एलिमेंटच्या पोटात आठ <नोंद> आहेत. सहा साध्या. सातवीवर कंस="होय" आहे, कारण फेरफार मंजूर झाल्यावर जुनी नोंद खोडत नाहीत, तिला कंस करतात आणि कंसातली नोंद आता लागू नाही असे समजतात. आठवी आहे <नोंद प्रकार="बोजा" कंस="होय">: सोसायटीचे कर्ज होते, फिटले, बोजा कमी झाला. स्टाइलशीटमध्ये तीन साचे आहेत: ‘नोंद’; ‘नोंद[@कंस='होय']’, जो ओळीच्या शेवटी ‘रद्द’ लिहितो; आणि ‘नोंद[@प्रकार='बोजा']’, जो ‘बोजा आहे’ असे छापतो. पहिल्याचा अग्रक्रम ०, उरलेल्या दोघांचा ०.५. सातव्या नोंदीवर भांडण नाही, अट असलेला साचा जिंकतो. आठव्या नोंदीवर दोन साचे बरोबरीत येतात. अशा वेळी १.० चा नियम सांगतो की ही चूक आहे, पण प्रोसेसरला ती जाहीर न करता स्टाइलशीटमध्ये शेवटी लिहिलेला साचा निवडायची मुभा आहे. एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोसेसर ती मुभा मुकाट्याने घेतो. सॅक्सन सहसा इशारा देतो, तोही कुणी वाचला तर. बोजाचा साचा फाइलीत खाली असेल तर फिटलेले कर्ज जिवंत होते, वर असेल तर होत नाही. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे की नाही हे स्टाइलशीट लिहिणाऱ्याने कुठल्या दिवशी कुठला साचा आधी टाइप केला यावर ठरावे, ही गोष्ट विनोदी वाटते ती कागद बँकेच्या टेबलावर जाईपर्यंतच. उपाय मामुली आहे: जो साचा जिंकायला हवा त्याला अग्रक्रमाचा आकडा हाताने द्यायचा, किंवा दोन्ही अटी एकत्र असलेला तिसरा साचा लिहून त्याला वरचा आकडा द्यायचा. नुसता तिसरा साचा पुरत नाही. दोन अटी असल्या तरी रूपावरून मिळणारा अग्रक्रम ०.५ च राहतो. प्रोसेसर अटींची संख्या मोजत नाही.

मराठी मजकुरावर काम करताना अटींचे आणखी दोन सापळे आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडत नाहीत म्हणून इथे त्यांना जरा जागा देतो. ‘खोऱ्यात’ आणि ‘खोर्‍यात’ हे दोन शब्द छापल्यावर सारखेच दिसतात. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. युनिकोड दोन्ही मार्गांनी तोच अर्धचंद्री र दाखवतो, पण त्यांना समतुल्य मानत नाही. मजकुराचे प्रमाणीकरण केले तरी ते एक होत नाहीत. त्यामुळे विभाग="मुळशी खोऱ्यातील" अशा किमतीवर अट लावलेला साचा एका कीबोर्डवर टाइप केलेल्या नोंदींना लागतो आणि दुसऱ्या कीबोर्डवरच्या नोंदींना लागत नाही. पडद्यावर कितीही वेळ पाहिले तरी फरक दिसणार नाही. स्ट्रिंगची लांबी मोजली तर एका अक्षराने फरक येतो, आणि तोच पुरावा. दुसरा सापळा आकड्यांचा. एक्सपाथला संख्या म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात. ‘४५’ ला संख्येत बदलायला सांगितले की तो ‘संख्या नव्हे’ असे उत्तर देतो, आणि ‘संख्या नव्हे’ची कशाशीही लहान-मोठेपणाची तुलना केली तरी निकाल ‘नाही’. म्हणजे ‘क्षेत्र ४० आरपेक्षा जास्त’ अशी अट असलेला साचा कधीच लागत नाही, त्याच्या जागी बिनअटीचा साचा लागतो आणि छान, नीटनेटकी, चुकीची ओळ छापतो. आकडे बदलून घ्यायला ट्रान्सलेट हे फंक्शन पुरते. पण सातबारावरचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे ०.४५.०० या रूपात, दोन टिंबांसह लिहिलेले असते. इंग्रजी आकड्यांतसुद्धा ती संख्या होत नाही. आधी तुकडे करावे लागतात.

वर्डच्या फाइलीतून मजकूर काढणाऱ्यांना याचीच चुलत बहीण भेटते. डॉक्स फाइलही आतून एक्सएमएलच, आणि वर्ड एकाच शब्दाचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या एलिमेंटांत ठेवू शकतो. ‘मुळ’ एकात आणि ‘शी’ दुसऱ्यात. ‘मुळशी’ या किमतीवर लावलेली अट मग कुणालाच लागत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर हे तर वेगळेच प्रकरण. त्याला आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय साच्यांचा विचारही करू नये.

मोकळ्या जागेबद्दल शिकवणारे पानेच्या पाने लिहितात, तेवढी तिची लायकी नाही. दोन गोष्टी पुरेत. स्टाइलशीटमध्ये ‘गाव:’ असे उघडे लिहून पुढच्या ओळीवर गेलात तर ती ओळमोड आणि डावीकडचे समासही छापले जातात; शब्द नेहमी टेक्स्टच्या एलिमेंटमध्ये ठेवावेत. आणि मूळ फाइलीतल्या कोऱ्या जागा सरसकट गाळायची आज्ञा नोंदींच्या फाइलीला योग्य असली, तरी लेखाला देऊ नये. ठळक ‘पौड’ आणि तिरपे ‘तालुका’ यांच्यामधली एकुलती एक जागा त्यात जाते आणि ‘पौडतालुका’ उरते.

सरळ प्रश्न येईल की एवढा खटाटोप कशाला, पायथॉनमध्ये दहा ओळींत हे काम होते. होते, आणि जिथे होते तिथे खुशाल करावे. ब्राउझरांतून एक्सएसएलटी काढून टाकण्याच्या हालचाली चालू असताना तिची वकिली करत बसायचा माझा इरादा नाही. पण दोष मागे सुटेल या समजुतीने कुणी स्थलांतर करू नये. पायथॉनच्या नेहमीच्या लायब्ररीत ‘पेज’ शोधायला सांगा. नेमस्पेस तिथेही तशीच आडवी येते, रिकामी यादी हातात पडते, लूप एकदाही फिरत नाही आणि प्रोग्रॅम यशस्वी झाल्याच्या थाटात संपतो. एक्सएसएलटीतच साचे टाळून ‘फॉर-ईच’ने काम करणाऱ्यांचीही गत हीच. अंगभूत नियमांनी घातलेला गोंधळ निदान पडद्यावर दिसतो. रिकाम्या यादीत दिसायला काही नसते.

म्हणूनच सगळ्यांत लोकप्रिय उपायाशी माझे पटत नाही. टेक्स्ट नोडसाठी एक रिकामा साचा लिहायचा, म्हणजे नको तो मजकूर गप्प होतो, असा सल्ला जो तो देतो. गप्प होतो हे खरे. पण कोण चालले हे सांगणारा एकमेव साक्षीदार तोच होता, आणि आपण त्याच्याच तोंडावर हात ठेवला. पूर होता तिथे दुष्काळ आला, रोग जागच्या जागी. शोध चालू असताना उलटे करावे: तारेसाठी एक साचा लिहावा, त्याला −१० असा तळाचा अग्रक्रम द्यावा, आणि त्याने आलेल्या प्रत्येक एलिमेंटचे नेमस्पेससकट पूर्ण नाव संदेश म्हणून बाजूला छापून पोटातल्यांना पुढे काढावे. (हे पुढे काढणे विसरले तर शोध पहिल्याच पायरीवर थांबतो.) संदेश आउटपुटमध्ये मिसळत नाहीत, वेगळ्या प्रवाहात जातात, म्हणून साधा मजकूर बिघडत नाही. ३.० हाताशी असेल तर न जुळलेल्यावर इशारा देण्याची आणि दोन साचे बरोबरीत आले तर थांबण्याची घोषणा मोडवरच करता येते. यावर म्हणतील की मोठ्या फाइलीत असे हजारो संदेश येतील. येऊ देत, वेगळी नावे काढली तर ती बहुधा डझनभरही भरत नाहीत, आणि त्यातले पहिलेच नाव बहुतेक वेळा सगळे सांगून जाते.

संदेशाने न जुळलेले कळतात. चुकीचे जुळलेले कळत नाहीत, आणि मोजणीनेही कळत नाहीत: सातबाराच्या फाइलीत आठ नोंदी आहेत, आउटपुटमध्ये आठ ओळी येतात, हिशेब पुरा. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक उदाहरणात, तपासणीपुरते, प्रत्येक साचा आपल्या ओळीच्या आधी आपले नाव छापतो. वाचायला ते कुरूप दिसते. ती आठ ओळींची फाइल तशी चालवली की डाव्या समासात एकाखाली एक सहा वेळा [नोंद] येते, मग एकदा [कंस], आणि शेवटच्या ओळीवर, फिटलेल्या कर्जापुढे, [बोजा].